सत्य एक की अनेक? आधी विचारा, शून्य कुठलं धरलंय

माझा धंदा उंची मोजण्याचा. तीसेक वर्षं लेव्हल, म्हणजे आडवी नजर साधणारी दुर्बीण, तिपाईवर चढवायची, भिंगातून समोरच्या स्टाफवरचा, म्हणजे उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचा, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच केलं. तत्त्वज्ञान वाचायला लागलो ते निवृत्तीनंतर, आठ-दहा जणांच्या वाचनगटात. त्यामुळे पंडितांची शिस्त माझ्यात नाही. पण 'सत्य एक की अनेक' हा विषय निघाला की गट माझ्याकडे बघतो, कारण हा वाद कुठं फिसकटतो ते मला आता पाठ झालंय. दहाव्या मिनिटाला कुणीतरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट काढतं. पंधराव्या मिनिटाला कुणीतरी "ज्याचं त्याचं सत्य" म्हणून मोकळं होतं. विसाव्या मिनिटाला दोघं एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात आणि विषय जागच्या जागी असतो.

तसं होऊ नये म्हणून मी काय करतो ते लिहितो. एकट्यानं विचार करायला बसलात तरी हीच रीत चालते, फक्त मग दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडावं लागतं, आणि आवडत्या बाजूला झुकतं माप द्यायचं नाही.

आधी शब्द सोडवून घ्या

फळ्यावर किंवा कागदावर तीन वाक्यं लिहा. पहिलं: जग एकच आहे. दुसरं: त्या जगाची खरी वर्णनं अनेक असू शकतात. तिसरं: 'खरं असणं' म्हणजे जे काही आहे, ते सगळीकडे सारखंच आहे, भौतिकशास्त्रात एक, नीतीत दुसरं आणि गणितात तिसरं असं नाही.

आता प्रत्येकाला तिन्ही वाक्यांपुढं हो किंवा नाही लिहायला सांगा. आमच्या गटात हे पहिल्यांदा केलं तेव्हा तासभर तावातावानं भांडलेल्या दोघांची उत्तरं तिन्ही ठिकाणी तंतोतंत सारखी निघाली. एक जण पहिल्या वाक्याबद्दल बोलत होता, दुसरा दुसऱ्या. दोघंही 'सत्य' हाच शब्द वापरत होते, एवढाच काय तो गुन्हा.

'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' ही ओळ याच गोंधळात सापडते. एकवादी तिचा पहिला शब्द धरतो, अनेकवादी तिसरा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 164वं सूक्त काढा आणि 46वी ऋचा पूर्ण वाचा. तिथं 'सत्य' हा शब्दच नाही, 'सत्' आहे, म्हणजे जे असतं ते. इंद्र, मित्र, वरुण, अग्नी, यम, मातरिश्वा अशी नावं येतात आणि म्हटलंय की जे आहे ते एक, जाणकार त्याला नाना नावांनी बोलतात. म्हणजे आपलं पहिलं आणि दुसरं वाक्य. जाणकार जे जे बोलतात ते सगळं बरोबर, असं त्या ओळीत कुठंही नाही.

एक चौथं वाक्य मी मुद्दाम फळ्यावर घेत नाही: लोकांची मतं अनेक असतात. असतातच की. त्यावरून सत्य किती हे काहीच ठरत नाही. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' हे तुकोबांचं वचन इथं चपखल बसतं. पण तुम्हीआम्ही तुकोबा नसल्यामुळे एक इशारा द्यावा लागतो. आपलं मन हा साक्षीदार पढवता येतो. माझा मी कसा पढवला होता ते पुढं येईलच.

वाक्यातली गाळलेली जागा भरा

शब्द सुटले की मी विचारतो, जगातला सर्वांत उंच पर्वत कुठला? सगळे एका सुरात एव्हरेस्ट म्हणतात. मग मी विचारतो, कुठून मोजलात?

समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्टच, 8848.86 मीटर, नेपाळ आणि चीननं मिळून डिसेंबर 2020मध्ये जाहीर केलेला आकडा. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर मात्र इक्वेडोरमधला चिंबोराझो. समुद्रसपाटीपासून तो जेमतेम 6,260 मीटर आहे, पण विषुववृत्ताजवळ पृथ्वीच फुगलेली असल्यामुळे त्याचं शिखर एव्हरेस्टपेक्षा केंद्रापासून सुमारे 2 किलोमीटर लांब पडतं. आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजलं तर हवाईचा मौना केआ. पाण्यावर तो 4,200 मीटरच दिसतो, पण त्याचा पाया समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथून तो 10,000 मीटरच्या वर जातो. एवढंच कशाला, एव्हरेस्टचाच 2005 सालचा चिनी आकडा 8844.43 मीटर होता. तो खडकाच्या माथ्याचा. वरच्या बर्फाची जाडी त्यात नाही.

इतकी उत्तरं, आणि त्यात खोटं एकही नाही. मग सत्य अनेक झालं का? घाई करू नका. 'सर्वांत उंच' हे वाक्य अर्धवट होतं, त्यात 'कुठून' आणि 'कुठवर' या जागा रिकाम्या होत्या. त्या भरल्या की प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकेकच येतं. भांडणाचं वाक्य हातात आलं की माझे प्रश्न ठरलेले असतात: कशापासून, कुठवर, केव्हा, कुणाच्या दृष्टीनं, कशासाठी. रिकाम्या जागा भरल्यावर दोन वाक्यं एकमेकांना छेदेनाशी झाली, तर ती दोन प्रश्नांची दोन उत्तरं होती. त्यांना 'दोन सत्यं' म्हणायचं असेल तर म्हणा, पण एकवाद्याचं त्यात काही बिघडत नाही. तो उलट खूश होतो.

जैन दार्शनिकांनी हे काम फार बारकाईनं केलंय, आणि त्यांच्यावर जितका अन्याय झालाय तितका क्वचितच कुणावर झाला असेल. स्याद्वादातल्या 'स्यात्'चा अर्थ लोक 'कदाचित' असा करतात आणि अख्खा सिद्धांत संशयवाद्यांच्या खात्यावर टाकतात. तिथं 'स्यात्' म्हणजे 'कथंचित्', एका विशिष्ट अपेक्षेनं. तो शब्द शंका दाखवत नाही, उलट वाक्य पक्कं करतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी तीन पायऱ्या सांगितल्यात: 'सदेव', म्हणजे आहेच, हा दुर्नय (हेकट, चुकीची दृष्टी), 'सत्', म्हणजे आहे, हा नय (एका बाजूची दृष्टी), आणि 'स्यात् सत्', अमुक अपेक्षेनं आहे, हे प्रमाण (पक्कं ज्ञान).

हे वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो, कारण आमच्या वहीत नेमकं हेच असतं. "या खुंटीची उंची 41.260च, दुसरी असूच शकत नाही" असं म्हणणारा मोजणीदार दुर्नयी. "41.260" एवढंच लिहिणारा नयवाला, चूक नाही, पण अपुरा. आणि "अमुक शून्यावरून 41.260" लिहिणारा प्रमाण. आमच्याकडे उंचीचं ते शून्य कुठलं धरलंय याला डेटम म्हणतात. डेटम न लिहिलेली वही वरिष्ठ परत पाठवतात, न वाचता.

'दुर्नय' ही जागा त्यांनी ठेवलीय हे मात्र विसरू नका. अनेकान्ताचं, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात या जैन मताचं, नाव घेऊन "म्हणून सगळ्यांचंच खरं" म्हणणाऱ्याला मी थांबवतो तो इथंच. ज्या मतात चुकीला खण आहे, ते 'ज्याचं त्याचं सत्य' नव्हे.

फरकाला नियम आहे का ते तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकी सगळं पुस्तकांत मिळेल. हे मी मार खाऊन शिकलो.

आधी दुसऱ्यांची गोष्ट. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबर्ग नावाचं गाव आहे, अर्धं जर्मनीत, अर्धं स्वित्झर्लंडमध्ये. तिथं नवा पूल बांधायला घेतला, दोन्ही काठांकडून. जर्मनीची उंची अॅमस्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून येते, स्वित्झर्लंडची मार्सेयच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या. दोन शून्यांत 27 सेंटिमीटरचा फरक. तो सगळ्यांना ठाऊक होता आणि हिशेबात धरलाही होता. फक्त अधिकच्या जागी उणे झालं. 2003मध्ये लक्षात आलं की दोन बाजू 54 सेंटिमीटर वरखाली येताहेत. एका बाजूचं काम दुरुस्त करावं लागलं.

ही गोष्ट मी दोन्ही पक्षांना ऐकवतो, कारण ती दोघांनाही टोचते. एकवाद्याला सांगतो: बाबा रे, नदीच्या दोन काठांवर दोन शून्यं होती आणि दोन्ही कायदेशीर होती. 'खरी उंची' कुठली असं विचारशील तर कुणीच सांगू शकणार नाही. अनेकवाद्याला सांगतो: दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते हे मान्य, पण पूल बांधायचा तर त्यांच्यातला हिशेब एकच होता, आणि तो चुकला तेव्हा "आमचं सत्य वेगळं" म्हणून 54 सेंटिमीटर भरून निघाले नाहीत.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली. एका लांब रेषेची लेव्हल दोन तुकड्यांनी वेगवेगळी घेतली, एक आमची, एक दुसऱ्यांची. पडताळणीला वह्या शेजारी ठेवल्या, तर शेवटच्या खुंटीच्या उंचीत बरोबर एक मीटरचा फरक. मी वाचण्यात पक्का, असा माझा लौकिक होता. निदान माझ्या मनात तरी होता. मी म्हणालो, "त्यांनी शून्य वेगळं धरलं असेल." तीन दिवस हेच म्हणत राहिलो. लेखी कळवलंसुद्धा. किती समंजस वाटत होतं! त्यांना चूक म्हटलं नाही, स्वतःला चूक म्हटलं नाही, दोघांचंही खरं.

तिसऱ्या दिवशी आमच्यासोबत स्टाफ धरायला असलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्या मागून वही बघत होते. शाळा त्यांची चौथीपर्यंत झालेली. पहिल्या अकरा खुंट्यांवर त्यांनी बोट फिरवलं. दोन्ही वह्यांतले आकडे तिथं दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळत होते. फरक सुरू होत होता तो बाराव्या खुंटीपासून. ते म्हणाले, "साहेब, समुद्र काय बाराव्या खुंटीला खाली उतरला का?"

शून्य वेगळं असतं तर फरक पहिल्या खुंटीपासून असता, आणि शेवटपर्यंत तेवढाच राहिला असता. मधेच उगवलेला फरक म्हणजे कुणीतरी स्टाफ वाचताना पूर्ण मीटरचा आकडा चुकलाय. तो मीच होतो. 2.340च्या जागी 1.340 लिहिलं होतं.

तेव्हापासून माझी कसोटी हीच आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या वादातही मी ती सोडत नाही. दोन मतांतला फरक 'दृष्टिकोनांचा' आहे असं कुणी म्हणालं की विचारा: या दृष्टिकोनातून त्या दृष्टिकोनात जायचा नियम काय? सेल्सिअस आणि फॅरनहाइटमध्ये तो आहे. 0 आणि 32 हे एकाच गोष्टीचे दोन आकडे आहेत, आणि कुठलाही आकडा द्या, दुसरा काढून मिळतो. हिलरी पटनम या अमेरिकी तत्त्वज्ञानं एक नामी उदाहरण दिलंय: ज्या जगात फक्त तीन सुट्या वस्तू आहेत तिथं वस्तू एकूण किती? एक जण म्हणतो 3. दुसरा, जो वस्तूंच्या बेरजेलाही वस्तू मानतो, तो म्हणतो 7, कारण एकेकट्या तीन, जोड्या तीन आणि तिघींची मिळून एक. पटनमला यातून दाखवायचं होतं की 'मुळात किती' हा प्रश्नच पोकळ आहे. मी त्याच्याइतका पुढं जात नाही. पण तीनवरून सातवर जायचा रस्ता आखलेला आहे, हे इथं महत्त्वाचं. असा रस्ता असेल तर खुशाल 'दोन्ही खरं' म्हणा.

रस्ता नसेल, आणि फरक अडचणीच्या जागी आल्यावरच उगवत असेल, तर बहुधा कुणीतरी मीटर चुकलंय. 'ज्याचं त्याचं सत्य' हे वाक्य लोक केव्हा काढतात ते बघा. स्वतःचं म्हणणं पडायला लागलं की काढतात. पहिल्या अकरा खुंट्यांना कुणी काढत नाही.

दोन सत्यांच्या मध्ये पूल बांधून बघा

इथवर आपण पहिल्या दोन वाक्यांत होतो. फळ्यावरचं तिसरं वाक्य, खरेपणाचा गुण एक की अनेक, हे जास्त अवघड आहे, आणि अलीकडच्या काळातला वाद बराचसा तिथंच चालतो. क्रिस्पिन राइट या तत्त्वज्ञांनी 1992मध्ये अशी मांडणी केली की खरेपणाच्या काही किमान अटी सगळीकडे सारख्या असतील, पण त्या पुऱ्या करणारी गोष्ट क्षेत्रागणिक बदलू शकते. "दगड 3 किलोचा आहे" हे वास्तवाशी जुळतं म्हणून खरं. "वचन मोडणं वाईट" हे दुसऱ्या कशामुळे तरी खरं, कारण वाईटपणा तराजूत घालता येत नाही.

पटण्यासारखं आहे. पण मग एका पुलाची परीक्षा घ्या. वचन मोडणं वाईट. त्यानं वचन मोडलं. म्हणून त्यानं वाईट केलं. पहिलं वाक्य नीतीचं, दुसरं घडलेल्या गोष्टीचं. दोघांचा खरेपणा वेगवेगळ्या जातीचा असेल, तर निष्कर्षात उतरतो तो कुठल्या जातीचा? अनुमान बरोबर असतं याचा अर्थ आधीच्या वाक्यांचा खरेपणा पुढच्या वाक्यात जसाच्या तसा पोचतो. दोन काठांवर दोन शून्यं ठेवून पूल मधे जुळत असेल, तर खाली काहीतरी सामाईक असलंच पाहिजे. तत्त्वज्ञ क्रिस्टीन टॅपोले यांनी 1997मध्ये अनेकवाद्यांना नेमकं असंच अडवलं.

यावर मायकल लिंच या तत्त्वज्ञांचं उत्तर असं की खरेपणा हे एक काम आहे. ते काम निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे गुण पार पाडतात. काम एक, करणारे अनेक. मला हे उत्तर आवडतं, पण यात अनेकवाद किती उरला हा प्रश्न राहतोच. गटात या मुद्द्यावर बसाल तेव्हा अमूर्त बोलू नका. प्रत्येकानं असं एक मिश्र अनुमान लिहून आणायचं, एक वाक्य एका क्षेत्रातलं आणि दुसरं दुसऱ्या. मग बघा कुठं पूल टिकतो.

जुन्या पैलवानांना बोलवा, पण बाजू बदलून

ज्याला एकवाद आवडतो त्यानं जैनांची बाजू मांडायची, आणि उलट. हा नियम कडक ठेवा.

शंकराचार्यांचा जैनांवरचा आक्षेप ब्रह्मसूत्राच्या 2.2.33 या सूत्रावरच्या भाष्यात आहे, 'नैकस्मिन्नसम्भवात्': एकाच वस्तूत विरुद्ध धर्म एकाच वेळी असू शकत नाहीत, जसे गरम आणि थंड. आणि पुढचा घाव जास्त खोल आहे. सगळंच 'स्यात्' असेल तर तुमचा सिद्धांतही 'स्यात्'च. मग त्यावर भरवसा ठेवून कुणी वागायचं कसं? पहिल्या घावाला जैनांकडे उत्तर आहे, आपण ते वर वापरलंय: अपेक्षा वेगळी, म्हणून विरोध नाही. दुसऱ्या घावाला उत्तर द्यायला जैन बाजू घेतलेल्याला घाम फुटला पाहिजे. नाही फुटला तर त्यानं आक्षेप नीट ऐकलेला नाही.

असाच घाव प्लेटोनं प्रोटागोरस या ग्रीक विचारवंतावर घातला. मनुष्य हाच सगळ्याचा मापदंड, असं प्रोटागोरस म्हणे. एकाच वाऱ्यात एकाला थंडी वाजते, दुसऱ्याला नाही. प्लेटो विचारतो, मग जे लोक म्हणतात की प्रोटागोरस चुकला, त्यांचंही खरंच ना? हा डाव हुकमी आहे, म्हणूनच तो लवकर खेळू नका. समोरचा गप्प होतो, पण त्याला पटत नाही, आणि त्याला मुळात काय म्हणायचं होतं ते तसंच राहून जातं. (मापदंड मनुष्य असेल तर त्यावर मीटरच्या खुणा कुणी केल्या, हा माझा धंदेवाईक प्रश्न. गटात कुणी त्याला हसत नाही.)

बौद्धांकडे दोन्ही सूर सापडतात. सुत्तनिपात या पाली ग्रंथात स्पष्ट म्हटलंय, 'एकं हि सच्चं न दुतियमत्थि', सत्य एकच, दुसरं नाही. आणि नागार्जुन म्हणतो की बुद्धांचा उपदेश दोन सत्यांच्या आधारानं आहे, लोकव्यवहारातलं संवृतिसत्य (संवृती म्हणजे झाकण) आणि अंतिम असं परमार्थसत्य. मीमांसक कुमारिल भट्टांनी यावर विचारलेला प्रश्न मला आजही छळतो: संवृती खरी असेल तर तिला संवृती कशाला म्हणता, आणि खोटी असेल तर तिला सत्य कसं म्हणता?

मी नागार्जुनाची बाजू घेतो ती माझ्या कामामुळे. लहान जागा मोजताना आम्ही पृथ्वी सपाट धरतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश. मोठा त्रिकोण घेतला की बेरीज जास्त भरते, कारण जमीन गोल आहे. क्षेत्र सुमारे 197 चौरस किलोमीटर झालं, म्हणजे बाजू 21 किलोमीटरच्या आसपास गेल्या, की 1 सेकंद वाढतो, एका अंशाचा 3,600वा भाग. मग सपाट पृथ्वी हे खरं की खोटं? कुमारिल म्हणतील, खोटंच, फक्त सोयीचं. पण लजाँद्र या फ्रेंच गणितज्ञाची एक रीत आहे: गोलावरच्या अशा त्रिकोणाच्या प्रत्येक कोनातून त्या जादा भागाचा एक तृतीयांश वजा करा आणि पुढं सरळ सपाट त्रिकोण समजून सोडवा. गोलाचं उत्तर सपाटीच्या वाटेनंच हाती येतं. 'व्यवहारमनाश्रित्य परमार्थो न देश्यते', व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगता येत नाही, हे नागार्जुनाचं वाक्य मला त्या रीतीमुळे कळलं. कुमारिलांचं समाधान यानं होणार नाही, हेही मला दिसतं.

हत्तीची गोष्ट या बैठकीत आलीच तर एकच करा. गोष्ट सांगणाऱ्याला विचारा, तुम्हाला अख्खा हत्ती दिसला कुठून?

शून्यच सापडत नसेल तेव्हा

माझी रीत जिथं अडते ती ठिकाणंही सांगितली पाहिजेत, नाहीतर मी पुन्हा तीन दिवसांचा समंजसपणा करतोय असं होईल.

एक ठिकाण गणितात आहे. 1, 2, 3 अशा मोजत जायच्या संख्यांचा अनंतपणा आणि रेषेवरच्या बिंदूंचा अनंतपणा यांच्या मधे आणखी एखादा अनंतपणा आहे का? असा मधला कुणी नाही, या म्हणण्याला सातत्य-गृहीतक म्हणतात. गोडेल या गणितीनं 1940मध्ये दाखवलं की संच-सिद्धांताच्या नेहमीच्या गृहीतकांतून ते खोडता येत नाही. कोहेन या दुसऱ्या गणितीनं 1963मध्ये दाखवलं की त्यातून ते सिद्धही करता येत नाही. काही गणिती म्हणतात, संचांचं विश्व एकच आहे, आपली गृहीतकं तोकडी आहेत, योग्य शून्य अजून सापडायचंय. काही म्हणतात, अशी विश्वं अनेक आहेत आणि प्रश्नाला एक उत्तर नाहीच. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक बदलून लोबाचेव्हस्कीनं 1829मध्ये दुसरी भूमिती उभी केली, तसंच इथं झालंय की नाही, यावरच मतभेद आहेत. इथं 'गाळलेली जागा भरा' म्हणून भागत नाही. जागा आहे की नाही हाच वाद आहे.

दुसरं ठिकाण नीतीचं. "निरपराध माणसाचा छळ करणं वाईट" असं कुणी म्हणालं आणि मी सवयीनं विचारलं, "कुणाच्या दृष्टीनं?" तर तो चिडतो, आणि त्याचं चिडणं योग्य आहे. त्याच्या वाक्यात ती जागा रिकामी नव्हती. 'माझ्या शून्यावरून वाईट' असं त्याला म्हणायचंच नव्हतं. म्हणून हा नियम पाळा: जी रिकामी जागा बोलणारा स्वतः मान्य करत नाही, ती आपण परस्पर भरायची नाही. आपण भरली तर वाद मिटल्यासारखा दिसतो. खरं तर आपण त्याचं वाक्य बदललेलं असतं. अशा वाक्यापाशी मी फळ्यावर फक्त एक चौकट काढतो आणि ती मोकळी ठेवतो.

आणि तिसरं ठिकाण त्याच स्टाफवाल्या गृहस्थांनी दाखवलं. माझी चूक सापडल्यावर परत जाताना मी त्यांना शून्य म्हणजे काय ते समजावलं. समुद्र रोज चढतो-उतरतो, म्हणून एका ठिकाणी वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजतात, शक्यतो 19 वर्षं, कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र 18.6 वर्षांचं असतं. मग त्याची सरासरी काढतात, ते शून्य. दुसऱ्या किनाऱ्यावर दुसरी सरासरी येते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्टाफ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि विचारलं, "म्हणजे त्या उंचीला समुद्र एक दिवस तरी थांबतो का?"

थांबत नाही, जाता-येता ती रेघ ओलांडतो, असं मी म्हणालो. "मग तिथं आहे काय?" याचं उत्तर मी अजून गटाला विचारतो. शेवटच्या बैठकीत अर्ध्यांनी 'ठराव' असं लिहिलं, अर्ध्यांनी 'समुद्र', आणि एकीनं कागद कोरा परत दिला.